रेषा नसलेले अंगठे

"‘नाही’ हा शब्द या खोलीत वापरायचा नाही, पोरी. कागद मिळाला नाही, तर ‘अजून सापडला नाही’ म्हणायचं. समोरचा माणूस तीन एसट्या बदलून आलेला असतो."

तांबोळी भाऊसाहेबांनी हे सांगितलं, तेव्हा जयमाला तोडकर चोवीस वर्षांची होती आणि जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षातला तिचा तो पहिला दिवस होता. भाऊसाहेब पुढे निवृत्त झाले, मग देवाघरी गेले, पण खिडकीशी कुणी अर्ज घेऊन उभं राहिलं की जयमालेला त्यांचा तो बसका आवाज ऐकू यायचा.

जिल्ह्याभरातले दिवाणी दावे त्या खोलीत लाल फडक्यांच्या बस्त्यांत बांधून ठेवलेले. वाटणीचे, वहिवाटीचे, दत्तकाचे, पोटगीचे. कागद शोधायचा तर तालुका हवा, साल हवं, दाव्याचा नंबर हवा. येणाऱ्या बायकांकडे यातलं काहीच नसायचं. "आमची म्हैस पहिल्यांदा व्याली ना, त्या साली," असं सांगायच्या. त्यात बायकांची नावं लग्नात बदललेली. माहेरची सुशीला सासरी जाऊन मंगल झालेली, आणि दाव्यात भलतंच तिसरं नाव, कारण ते कारकुनाला सोपं गेलं. शिवाय एका वर्षी छतावरची टाकी गळून जुने बस्ते असे भिजले की पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी घट्ट झाली. सोडवायला गेलं की भुगा. अशा बस्त्यांपुढे जयमालेचंही काही चालत नसे. ती म्हणायची, "अजून सापडला नाही." आणि तीस वर्षं म्हणत आली होती.

दोन हजार एकेचाळीस साली यंत्र आलं. कपाटाएवढं, पांढरं, पोटात एक सरकतं ताट. सरकारी नाव लांबलचक होतं, कचेरीत सगळे त्याला ‘पारखी’ म्हणायचे. बरोबर फाल्गुनी नावाची इंजिनियर आली होती, तिशीची, बोलकी.

"मावशी, चिरोटा खाल्लाय ना? न मोडता त्याचे पदर मोजायचे, एवढंच हे करतं," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

प्रकाश आणि रेडिओच्या लहरी यांच्या मधे कुठेतरी टेराहर्ट्झ लहरींचा पट्टा आहे. कागदातून त्या सहज आरपार जातात, शाई लागली की अडखळतात. प्रत्येक पानावरून थोडी लहर मागे फिरते, आणि खालच्या पानावरची वरच्या पानापेक्षा किंचित उशिरा येते. हा उशीर सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास असतो, पण पारखीला तेवढा पुरे. त्यावरून तो पानं वेगळी काढी आणि बस्ता न सोडता पडद्यावर ओळीनं मांडी. शिक्क्याच्या काळ्या शाईत काजळी असते, त्यामुळे अंगठे तर अक्षरांहून स्पष्ट दिसायचे. अंगठ्याच्या दोन रेषांमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, तेही त्याला दिसे. मग तो सगळ्या जिल्ह्यातले अंगठे एकमेकांशी ताडून पाही. नाव बदललं तरी अंगठा बदलत नाही. माहेरची सुशीला आणि सासरची मंगल साठ वर्षांनी एका ओळीत आली.

दोन वर्षं खिडकीशी रीघ लागली. एक म्हातारे गृहस्थ आईच्या दत्तकपत्राची नक्कल हातात घेऊन बाकावर तासभर बसले. शेवटी म्हणाले, "म्हणजे मला मावशी होती. मी उगाच एकटा वाढलो." जयमालेनं त्यांना चहा दिला. ‘सापडला’ हा शब्द रोज म्हणायला मिळतोय, याबद्दल ती घरी देवापुढे हात जोडायची.

अशात एका मंगळवारी अंबूबाई चिप्पा खिडकीशी आली. पासष्टीची, सडपातळ. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेली नोटीस.

"बाई, नक्कल इथंच मिळती का? खालच्या वॉचमननं मला दोनदा चुकीच्या मजल्यावर धाडलं."

"इथंच. कुणाचा दावा आहे?"

"माझ्या आईचा. नागमणी चिप्पा. चौऱ्याऐंशीचा. आता माझ्या चुलतभावाचा पोरगा व्यंकटेश म्हणतोय, खोली सोड. लहानपणी त्याला शाळेत मी न्यायची, नाक पुसत. आता तो मला नोटीस देतोय, तीसुद्धा इंग्रजीत."

"काय म्हणणं आहे त्याचं?"

"तडजोडीवर अंगठा माझ्या आईचा नाहीच, म्हणं. यंत्रानं सांगितलंय त्याला. यंत्र माझ्या आईला ओळखतं आणि मी नाही, असं झालंय बघा."

जयमालेनं नोटीस वाचली. अंबूबाईचे वडील गेल्यावर दिरांनी नागमणीला घराबाहेर काढायचं ठरवलं होतं. दावा लागला, मग तडजोड झाली. पुढची एक खोली नागमणीला आणि तिच्यामागे तिच्या मुलीला, हयातभर. त्या एका कागदावर अंबूबाई साठ वर्षं त्या खोलीत राहत होती, उंबऱ्याशी बसून आधी विड्या वळत होती, नंतर पापड लाटत होती. तडजोड खोटी ठरली तर खोली गेली. तारीख पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी.

"तुम्ही बसा. मी बघते," जयमाला म्हणाली.

नागमणीच्या कागदावरचा अंगठा पारखीनं लगेच दाखवला. ठसठशीत, रेषा न् रेषा उठलेली. त्याच्याखाली शेरा होता: अनाम अंगठा क्रमांक सत्तेचाळीस. हाच अंगठा एकाच तालुका न्यायालयातल्या एकतीस कागदांवर, एकतीस निरनिराळ्या बायकांच्या नावांपुढे. अंगठा कुणाचा, हे यंत्राला ठाऊक नव्हतं. आधारच्या नोंदींशी न्यायालयाचे अंगठे ताडून पाहायला कायद्यानं बंदी होती. पण पाहणाऱ्याला अर्थ लागायचा तो लागलाच होता. कुणीतरी तोतया बाई.

जयमालेनं यादी उघडली आणि तारखेप्रमाणे हळू आवाजात वाचू लागली. नागमणी. येल्लूबाई. हलीमा. पारू. अनसूया. पाचव्या नावानंतर तिच्या लक्षात आलं, की डोळे पुढच्या ओळीवर जायच्या आधी ओठ ते नाव घेत आहेत. राजव्वा. शेवंता. बालमणी.

ती थांबली. डोळे मिटून तिनं पुढची तीन नावं मनात घेतली, मग पडद्यावर पाहिलं. तीच तीन, त्याच क्रमानं.

घरी तिच्या सासूबाई, यमुनाबाई, रोज सकाळी माठ भरताना तांब्यागणिक ही नावं पुटपुटायच्या. बत्तीस वर्षं जयमाला ती ऐकत आली होती. लग्न होऊन आली, तेव्हा एकदा विचारलं होतं, तर "नेम हाय माझा," एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्याचा नेम खोदून विचारू नये, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. माहेरच्या मैत्रिणी असतील, मेलेली माणसं असतील, असं धरून चालली होती.

"सापडला का?" खिडकीतून अंबूबाईनं विचारलं.

"सापडला," जयमाला म्हणाली. आणि पहिल्यांदाच तो शब्द तिला जड गेला.

त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती यमुनाबाईंजवळ जाऊन बसली. सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी मेथी निवडत होती. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, नागमणी कोण?"

यमुनाबाईंचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. कागदावर दिसली. बाकीच्या तीसही दिसल्या."

म्हातारीनं जुडी बाजूला ठेवली. नवरा तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला होता, तेव्हा ती तिथले माठ भरायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कुणालाच नव्हतं.

"परक्या पुरुषानं बाईचा हात धरायचा नाही, म्हणून बायकांचे अंगठे घ्यायला साहेबानं मला ठेवलंवतं. निम्म्या बायका विड्या वळणाऱ्या. दिवसाला हजार विड्या. पान ओढून ओढून अंगठा असा गुळगुळीत, पाट्यावाणी. शाई लावून दाबला की नुसता काळा डाग. कारकून बघायचा आणि म्हणायचा, रेषा उठली नाही, पुढच्या तारखेला या. पुढची तारीख दोन महिन्यांनी. तवर घरची मंडळी बोलणं फिरवायची."

"मग?"

"नागमणी तीनदा परत गेली. चौथ्यांदा आली, तर बोटाला सहा वर्साची पोर. म्हणाली, यमुनाक्का, आज नाही उठला तर जायला घर नाही. मी तिचा अंगठा दाबला. मग त्याच्याशेजारी माझा दाबला. कारकुनानं शेजारचाच बघितला." यमुनाबाईंनी डावा अंगठा पदराला पुसला, जणू शाई अजून ओली होती. "मग दुसरी आली. एकीला दिल्यावर दुसरीला नाही कसं म्हणू? एकेकीला सांगितलं, कुणी कधी विचारलं, तर मी येऊन सांगेन, ही बाई आलीवती, तिनं मनानं अंगठा दिला. नावं इसरायला नको, म्हणून रोज घेते."

"तुमचं नाव कुठंच निघत नाही त्या यंत्रात."

"कसं निघंल? नव्वद-एक्क्याण्णवला साक्षरता वर्गात सही शिकले. त्यानंतर कोर्टाच्या कागदावर अंगठा कुठंच दिला नाही." ती जरा हसली. "घाबरूनच शिकले म्हण ना."

दारात जयमालेचा नवरा भालचंद्र उभा होता. किती वेळ, कोण जाणे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, तब्येतीनं भक्कम, स्वभावानं भित्रा.

"हे बाहेर बोलायचं नाही," तो म्हणाला. "दोघींनाही सांगतोय. आई, कोर्टात खोटा अंगठा दिलास तू. एक नाही, एकतीस. उद्या एकतीस घरचे वकील दारात येतील."

"दिलाच," यमुनाबाई म्हणाल्या. "दिला ते खरं. त्या आल्यावत्या तेही खरंच."

"यंत्राला माहीत नाही, कुणाला माहीत नाही. जयाची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. आबांनी त्या कोर्टात तीस वर्षं पट्टा घातला, त्यांचं नाव पण घेशील यात?"

यमुनाबाईंनी मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली. जयमालेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. तिला त्याचा राग आला नाही. तिलाही तेच वाटत होतं.

रोज झोपण्याआधी एकशे आठ वेळा नाम लिहायचा जयमालेचा नियम होता. त्या दिवशी तिनं तो पुरा केला, पण मधेच दोन ओळींत नामाऐवजी नागमणी लिहिलं गेलं. ते तिनं खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिनं फाल्गुनीला विचारलं, "हे यंत्र डागांचं काय करतं गं?"

"पुसतं. चहाचे, ओलीचे, सांडलेल्या शाईचे. शुद्धीकरण म्हणतात त्याला. नाहीतर अक्षरं वाचताच येणार नाहीत."

"न पुसता दाखवता येतं?"

"येतं की. मूळ थर म्हणून पर्याय आहे. पण मावशी, नुसता राडा दिसेल."

राडाच दिसला. ओलीचे ढग, वाळवीच्या वाटा. पण नागमणीच्या कागदावर, त्या ठसठशीत अंगठ्याच्या डाव्या अंगाला, थोडा त्याच्याखाली दबलेला, एक लांबट काळा डाग होता. कडा अंगठ्याच्या, आत एकही रेषा नाही. येल्लूबाईच्या कागदावर तसाच. हलीमाच्याही. फाल्गुनी खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली. एकतीस कागद पाहून झाल्यावर ती म्हणाली, "प्रत्येकावर दोन अंगठे आहेत. रेषा नाहीत म्हणून आम्ही एक पुसत होतो."

"ह्यांचे हात कामानं झिजले होते," जयमाला म्हणाली. "तुमच्या यंत्राला ती शाई सांडल्यासारखी वाटली."

फाल्गुनी खुर्चीत मागे टेकली. "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. मग वही काढून तिनं काहीतरी लिहून घेतलं आणि त्या दिवशी जेवायला गेली नाही.

अंबूबाई दुपारी आली, तेव्हा जयमालेनं तिला नक्कल-अर्जाचा कागद पुढे करून दाखवला. "इथं खाली रकाना आहे बघा. शुद्ध प्रत की मूळ थर. सगळे शुद्ध प्रत लिहितात. तुम्ही मूळ थर लिहा."

"त्यानं काय होईल?"

"तुमच्या आईचा अंगठा दिसेल."

एवढं सांगणं तिचं कामच होतं. मागणाऱ्याला काय काय मिळू शकतं, हे खिडकीतल्या माणसानं सांगायचं असतं. त्याच्या पुढचं मात्र तिचं नव्हतं. ते आत्यांचं होतं.

ते झाल्यावर ती प्रबंधकांकडे गेली आणि एक पत्र ठेवलं. या एकतीस कागदांशी माझ्या नात्यातल्या व्यक्तीचा संबंध आहे, सबब ते माझ्या ताब्यात ठेवू नयेत. नाव लिहिलं नव्हतं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं.

"तोडकरबाई, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"कळलं नसतं, साहेब."

त्यांनी सुस्कारा सोडला. संध्याकाळपर्यंत तिची बदली आवक-जावक टेबलावर झाली. कक्षाच्या किल्ल्या तिनं मोजून दिल्या. तीस वर्षं त्या कमरेला होत्या. जिना उतरताना तिला एका बाजूनं हलकं वाटत राहिलं, आणि ते हलकेपण तिला आवडलं नाही.

पुढच्या बुधवारी अंबूबाई तिला शोधत नव्या टेबलाशी आली. "डाग मिळाला बाई. माझ्या आईचा तो. पण वकीलबाई म्हणतात, डागाला नाव नसतं. तो कुणाचाही असू शकतो. तिथं हजर असलेलं कुणी जिवंत माणूस सांगेल, तरच. साठ वर्सं झाली. कोण जिवंत असणार?" ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तिथं एक पाणी देणारी बाई होती, एवढं आठवतंय मला. तिनं मला गुळाचा खडा दिला होता. नाव काय तिचं, कुणास ठाऊक."

जयमालेच्या तोंडाशी नाव आलं. ते तसंच ठेवून तिनं अंबूबाईला पाणी दिलं.

घरी आल्यावर यमुनाबाईंना ती एवढंच म्हणाली, "परवा शुक्रवारी अकरा वाजता आहे. दुसरा मजला. लिफ्टच्या उजव्या हाताला."

"कुणी विचारलं का?" म्हातारीनं विचारलं.

"विचारलं. नागमणीच्या पोरीनं. गुळाचा खडा आठवतोय तिला."

यमुनाबाई उठून माठाकडे गेल्या. जयमालेनं पुन्हा विषय काढला नाही. गुरुवारभर घरात तिघंही एकमेकांशी फक्त भाजी, औषधं आणि नळाच्या वेळेबद्दल बोलत होती. भालचंद्रनं संध्याकाळी बायकोला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तू काही बोललीस का आईला?"

"दिवस आणि वेळ सांगितली."

"सांगायची काय गरज होती?"

"अहो, तारीख ज्याची त्याला कळवावी लागते. तेवढंच शिकलेय मी तिथं."

शुक्रवारी साडेनऊला यमुनाबाई न्हाऊन बाहेर आल्या त्या जांभळं नऊवारी नेसून. केस चापून बसवलेले, कपाळाला बुक्का. भालचंद्रनं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कुठं निघालीस?"

"माठ भरायला नाही, एवढं नक्की."

"आई, तिथं उभं करून उलटसुलट विचारतील. खोटा अंगठा का दिला म्हणून पहिला तुझ्यावरच खटला भरतील."

"भरू देत. पुन्हा तारखा लागतील, पुन्हा जाईन. सवय हाय मला कोर्टाची."

"आणि बाकीच्या तीस? त्यांची पोरं आली तर?"

"एकेकीसाठी जायचं. सांगितलंय त्यांना." तिनं कोपऱ्यातली काठी घेतली, वजन टाकून पाहिलं. "तवर जगायचं मात्र बघितलं पाहिजे. औषधं वेळच्या वेळी देत जा."

जयमाला पर्स घेऊन दाराशी उभी होती. ती नोकर न्यायालयाची, साक्षीदाराला हात धरून नेणं तिला शोभणार नव्हतं, आणि हे यमुनाबाईंनाही कळत होतं. "तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "माझ्यासोबत दिसू नको."

"रिक्षा सांगू का, आत्या?"

"चालत जाते. लांब नाही, आणि बोलायचं काय ते जाता जाता जुळवते. तिथं गेल्यावर शब्द सापडत नाहीत माणसाला."

भालचंद्र उठला. दोघींना वाटलं, आता तो दार अडवणार. तो वाकला, आईच्या चपला कपाटाखालून काढून तिच्या पावलांपुढे सरळ ठेवल्या आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. वर्तमानपत्र त्यानं उघडलं नाही.

यमुनाबाईंनी चपला घातल्या. उजव्या हातात काठी, डावा कठड्यावर. त्या तीन पायऱ्या उतरल्या, दम घेतला, आणि आणखी तीन उतरल्या. खाली रस्त्याला लागल्यावर त्यांनी मागे पाहिलं नाही. भाजीवाल्यानं "आज्जी, एवढ्या सकाळी कुठं?" म्हणून विचारलं.

"एकीला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.